रुक्माबाईंनी घर रिकामं केलं

धोंडबा गजभिये एकतीस वर्षं भिलाईच्या प्लांटमध्ये क्रेन चालवत होते. निवृत्त झाल्यावर सहाव्या वर्षी त्यांना शर्टाची बटणं लावता येईनाशी झाली. आधी कुणाच्या लक्षात आलं नाही. मग एका सकाळी ते एकावर एक तीन शर्ट घालून हुडको वसाहतीतल्या घराच्या ओट्यावर येऊन बसले, आणि चैत्राच्या उन्हात घामाने निथळत राहिले. त्यांच्या बायकोने, रुक्माबाईंनी, विचारलं तर म्हणाले, "अलमारीत इतके होते. कोनता घालू, समजलंच नाई."

डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं, की हा विसरण्याचा आजार आहे आणि तो वाढत जाणार. औषधाने थोडा थांबेल, पण बरा होणार नाही. "घरातलं जगणं सोपं करा," त्या म्हणाल्या. "निवडायला फार काही ठेवू नका. कपड्यांचे दोनच जोड समोर ठेवा. जेवणात एकच ताट, एकच वाटी. गॅसची चावी त्यांच्या हाताला लागू देऊ नका. पण हळूहळू करा, थोडं थोडं."

रुक्माबाई कामाला लागल्या. दोन शर्ट, दोन पायजमे खुंटीवर टांगले आणि बाकीचे पेटीत घातले. बटणं काढून बंद शिवले. संडासाच्या दाराला लाल रंग दिला, आतली कडी काढून टाकली. आरशातल्या माणसाला धोंडबा "तू कोन? इथं कावून उभा हायेस?" असं दरडावू लागले, तेव्हा आरशावर चादर बांधली. यातलं बरंचसं उपयोगी पडलं. सकाळची भांडणं कमी झाली. धोंडबा स्वतःच्या हाताने कपडे घालू लागले. एका दिवशी रुक्माबाई ओट्यावर बसून खूप दिवसांनी दोन घास पोटभर जेवल्या.

मग दिवाळीच्या सुट्टीत त्यांची मुलगी संघमित्रा रायपूरहून आली. ती तिथे नर्स आहे. घर पाहून म्हणाली, "आई, इतना सामान क्यों रखा है? अडखळून पडतील ते."

रुक्माबाईंनाही ते पटलं. कपड्यांनी इतकं सोपं झालं, तर सगळं घरच मोकळं केल्यावर किती सोपं होईल! मायलेकींनी दोन दिवसांत घर उपसून काढलं. हिरवी लोखंडी अलमारी, रेडिओ, जुनी कॅलेंडरं, गावाहून आणलेला पाटा, काचेचे कप, आणि धोंडबांनी स्वतः प्लास्टिकच्या पट्ट्या विणून केलेल्या चार खुर्च्या, सगळं बाहेर आलं. शेजारच्या शालिकरामने ते आपल्या टेम्पोत भरलं आणि जामुलच्या भंगारवाल्याकडे पोचवलं. भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांचे फोटो तेवढे राहिले. खोली धुऊन पुसून लख्ख केली. बोललं तर आवाज घुमायचा. संघमित्रा समाधानाने रायपूरला परतली.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धोंडबा चपला घालून दारात उभे राहिले.

"बाई, तुमचा चहा झाला," ते म्हणाले. "आता निघतो मी. घरी बायको वाट पाहून राहिली असन."

रुक्माबाईंना वाटलं, थट्टा करताहेत. "अवं, मीच तं हाय तुमची बायको. हे आपलंच घर व्हय."

धोंडबांनी खोलीभर नजर फिरवली. "नाई बाई. माह्या घरी अलमारी हाय, हिरवी. इथं तं काहीच नाई."

रुक्माबाईंनी "जेवून जा" म्हणून त्यांना कसंबसं थांबवलं.

दुसऱ्या दिवशी नवऱ्याला शालिकरामच्या आईजवळ बसवून त्या बसने जामुलला गेल्या. भंगारवाल्याच्या आवारात अलमारी सापडली, पण कापून चपटी केलेली होती. रेडिओचं काय झालं, कुणालाच ठाऊक नव्हतं. ढिगाखालून एक खुर्ची तेवढी धड निघाली. ती डोक्यावर घेऊन त्या बसमध्ये चढल्या तेव्हा कंडक्टर ओरडला, तरी त्या उतरल्या नाहीत.

घरी येऊन खुर्ची पुसली, खिडकीपाशी नेहमीच्या जागी ठेवली आणि धोंडबांना हाताला धरून बसवलं. ते टेकून बसले. विणीवरून बोटं फिरवली. रुक्माबाई त्यांच्या तोंडाकडे पाहत होत्या.

"खुर्ची चांगली हाय, बाई," ते म्हणाले. "माह्या घरी बी अशीच हाय."

पुढचे काही आठवडे फार वाईट गेले. संध्याकाळ झाली, की धोंडबा घरी जायला निघायचे. रुक्माबाईंनी समजावलं, लग्नाचा फोटो दाखवला, रडून पाहिलं. दाराला कुलूप लावलं, तर ते दार बडवत ओरडले, "कोंडून ठेवलं मले! सोडवा कोनी!" सगळी गल्ली गोळा झाली. रुक्माबाईंनी लोकांसमोर मान खाली घालून कुलूप काढलं, आणि दुसरं काही सुचेना म्हणून स्वतःही चपला घातल्या. "चला, सोडून देतो तुमाले घरी."

दोघं निघाले. दुकानांच्या रांगेवरून, पाण्याच्या टाकीला वळसा घालून, मागच्या गल्लीने. धोंडबा थकले. आपल्याच फाटकापाशी आले तेव्हा थांबून म्हणाले, "हे आलं." आणि आत गेले, पाणी प्यायले, निजले.

तेव्हापासून रुक्माबाईंनी वाद घालणं सोडलं. रोज संध्याकाळी एक फेरी, कधी दोन. धोंडबांनी कोण ते विचारलं, तर "शेजारची" म्हणून सांगायचं. संघमित्राला फोनवर हे ऐकवेना. "आई, तू त्यांची बायको आहेस. सांग ना त्यांना."

"सांगून का होते पोरी? मी सांगतो, ते भेतात. नाई सांगत, तं जेवतात."

पाहुणा म्हणून धोंडबा फार चांगले होते. ताट पुढे आलं, की संकोचायचे. एकदा वांग्याची भाजी खाऊन म्हणाले, "बाई, हाताले चव हाय तुमच्या." बेचाळीस वर्षांच्या संसारात त्यांनी असं कधी म्हटलं नव्हतं. रुक्माबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि पदर तोंडात धरून रडल्या. नवऱ्याने कौतुक केलं ते परक्या बाईचं, याचं दुःख कुणाला सांगणार?

असं चौदा महिने चाललं. मग थंडीत धोंडबांच्या छातीत कफ भरला. त्यांना दवाखान्यात नेलं आणि पाचव्या दिवशी दुपारी ते गेले. रुक्माबाई उशाशी होत्या. जाण्याआधी धोंडबांनी डोळे उघडून त्यांच्याकडे पाहिलं, दोन्ही हात जरा जोडल्यासारखे केले आणि पुन्हा डोळे मिटले.

दुसऱ्या दिवशी विहारातली माणसं आली, वंदना झाली, अंत्यविधी झाला. संध्याकाळी सगळे गेल्यावर संघमित्राने विचारलं, "आई, अलमारी काढायचं मीच म्हटलं होतं ना?"

"तू म्हटलं, मी केलं. घाई झाली आपल्याले," रुक्माबाई म्हणाल्या.

"शेवटी ओळखलं का त्यांनी तुला?"

"नाई."

मग त्या उठल्या आणि सकाळपासून उपाशी असलेल्या लेकीसाठी भात टाकायला आत गेल्या.