आतल्या बाजूची फट

कुराहाशी तामोत्सुने अडतीस वर्षं रेल्वेमार्ग सांभाळला. अठराव्या वर्षी तो रूळ दुरुस्त करणाऱ्या टोळीत लागला आणि छप्पन्नाव्या वर्षी पाठीने नकार दिला तेव्हा सुटला. ओसेगावा नदीकाठच्या त्या एकेरी मार्गावर ज्याचे बोल्ट त्याने कधी आवळले नाहीत असा सांधा नव्हता. खडी ठासायच्या यंत्राने त्याचा डावा कान नेला. उजव्या कानाने तो बायकोचं, फुसाएचं, ऐकतो, तेही ती समोर असली तर.

आता वय एकाहत्तर. मुलीने दिलेला टॅब्लेट जेवणाच्या टेबलावर उभा असतो आणि त्यात असतं ‘एकडबी मंडळ’. त्या मार्गावर एकाच डब्याची डिझेल गाडी धावते. तिच्यावर जीव असलेली चाळीसेक माणसं देशभरातून तिथे रोज लिहितात. कोणी कोणाला खऱ्या नावाने ओळखत नाही. तामोत्सुला तिथे खडीकाका म्हणतात. हे नाव त्याने घेतलेलं नाही. गाडीचा कितीही देखणा फोटो आला तरी तो खाली लिहायचा, “खडी कमी पडली आहे.” त्यावरून ते त्याला चिकटलं.

ऑगस्टातल्या एका गुरुवारी, बाहेर अडतीस अंश तापलेलं असताना, तो थंड शेवया खाऊन टेबलाशी बसला. दीड वाजत आला होता. मंडळात ‘शेपूट’ नावाच्या गड्याने फोटो टाकला होता. हा सायकलवरून फाटकापाशी पोचतो तेव्हा गाडी नुकतीच गेलेली असते, म्हणून त्याच्या फोटोत कायम गाडीची पाठ. आजही तेच. दूर वळणावर जाणारा मागचा दिवा, आणि पुढे भरपूर मोकळा मार्ग.

“शेपटा, आज तर दोन स्लीपर आधी पोचलास. तब्येत बरी आहे ना?” असं ‘स्वरमास्तर’ने लिहिलं होतं. हा गाडीच्या इंजिनाचे आवाज जमवतो.

“वाटेत उतार होता,” शेपटाचं उत्तर.

“गाडीला तुझी दया आली असेल. हळू गेली असेल.”

तामोत्सु हसला, आणि सवयीने गाडी सोडून रूळ बघायला लागला. फोटो मोठा केला. अजून मोठा केला. मग त्याने चष्मा पुसला.

दुसऱ्या लोखंडी पुलाच्या अलीकडचं वळण होतं ते. रुळांखालच्या लाकडी स्लीपरांची टोकं खडीत रुतलेली असतात, तशीच असायला हवीत. वळणाच्या बाहेरच्या बाजूला खडी टोकांवर चढली होती. आतल्या बाजूला टोक आणि खडी यांच्यामध्ये काळी रेघ होती, जेमतेम बोटाएवढी रुंद. त्याने मोजलं. अकरा स्लीपर, सलग.

उन्हात रूळ वाढतो. सांध्यातली जागा पुरली नाही तर तो बाजूला सरकतो आणि स्लीपरांना घेऊन सरकतो. मागे अशी फट राहते. हे काय आहे ते तामोत्सुला नीट माहीत होतं. पण ती रेघ फटच आहे का, हे माहीत नव्हतं.

कारण दोन वर्षांपूर्वी असंच झालं होतं. शेपटाने लांबच्या भिंगाने फोटो काढला होता. त्यात रूळ सापासारखा वळवळताना दिसला आणि तामोत्सुने कंपनीला फोन केला. गाडी पन्नास मिनिटं उभी राहिली. पाच माणसं भर उन्हात तीन किलोमीटर चालली. रूळ सरळ होता. लांबचं भिंग दूरचं जवळ दाबतं आणि जरासा बाकही दहापट दाखवतं, हे मंडळातल्या शाळकरी पोरांनासुद्धा ठाऊक होतं. त्यालाच नव्हतं. टोळीचा मुकादम नागासे, ज्याला तामोत्सुने पहार धरायला शिकवली होती, ओरडला नव्हता. त्याने नुसतं मान लवून “काळजीने कळवलंत” म्हटलं. ते शिवीपेक्षा वाईट होतं.

तेव्हापासून मंडळात काहीही वाकडं दिसलं की त्याचं नाव निघायचं. परवाच स्वरमास्तरने परसातली काकडी टाकली होती. “बाक चांगलाच आहे. काका, कंपनीला कळवू का?” त्यावर तामोत्सुनेच लिहिलं होतं, “आधी भिंग कुठलं ते सांग.” सगळे दोन दिवस हसत होते.

भिंग फट तयार करत नाही. सावली मात्र करते.

त्याने लिहिलं, “शेपटा, फोटो किती वाजताचा?”

“बारा वीस. का, काका? खडी कमी पडली?”

“नदी तुझ्या कुठल्या हाताला होती?”

“मी नदीत नव्हतो, एवढं नक्की.”

“काकांना पोहायला जायचंय,” स्वरमास्तर मध्येच घुसला.

भर दुपारी ऊन दक्षिणेकडून येतं, सावली उत्तरेला पडते. त्या भागात नदी दक्षिणेला आहे. रेघ नदीच्या बाजूची असेल तर ती सावली असणं शक्य नाही. पण त्या पुलाअलीकडे उलट दिशांची दोन वळणं आहेत, एक एका फाटकावरून दिसतं, दुसरं दुसऱ्यावरून, आणि फोटोत नदी नव्हती.

“थट्टा नको. डावा की उजवा?”

उत्तर आलं नाही. शेपूट तोफूच्या, म्हणजे सोयाबीनच्या पनीरच्या, दुकानात काम करतो. जेवणाची सुट्टी संपली असणार. तामोत्सु टेबलापाशी उभा राहिला, बसला, पुन्हा उभा राहिला.

त्या वळणावरून पुढची गाडी दोन सदतीसला जाणार होती. आणि त्या गाडीत ‘खिडकीताई’ होती.

खिडकीताई हिरोशिमाजवळ दातांच्या एका दवाखान्यात चिठ्ठ्या फाडते. गुरुवारी सुट्टी. महिन्यातून एकदा ती या मार्गावर येते आणि चालकामागच्या काचेशी उभी राहून मंडळाला सगळं सांगत जाते. एक चाळीसला तिने लिहिलं होतं, “निघालो. डब्यात आठ जण. दोन आज्या, एक शाळकरी मुलगी, बाकी झोपलेले. चालक तरुण आहे, मानेवर घामोळं. मी पुढच्या काचेशी.”

“काचेला नाकाचा ठसा ठेवू नकोस, ताई,” कुणीतरी लिहिलं.

“मागच्या महिन्याचा अजून आहे.”

दोन वाजून चार मिनिटांनी शेपूट आला. “काका, सॉरी, गिऱ्हाईक होतं. नदी उजव्या हाताला.”

रेघ उजवीकडे होती.

तामोत्सुने फोन उचलला, आवाज पूर्ण वाढवून उजव्या कानाला लावला. फाटकांच्या खांबांवर लिहिलेला नंबर त्याला पाठ होता. पलीकडे तरुण बाईचा आवाज. त्याने जागा सांगितली, किलोमीटरचा दगड सांगितला, अकरा स्लीपर सांगितले.

“आपण सध्या तिथे आहात का?”

“नाही. फोटोत पाहिलं.”

“फोटोत.” टाईप करण्याचा आवाज. “आपलं नाव?”

“कुराहाशी.”

टाईप करणं थांबलं. निदान त्याला तसं वाटलं. मग ती म्हणाली, “संबंधित विभागाला कळवते.”

“गाडी दोन सदतीसला तिथे असेल.”

“हो, कळवते.”

त्याने फोन ठेवला. फुसाए दारात उभी होती. “परत?” तिने विचारलं.

“परत.”

“नागासेला थेट कर ना.”

“तो उन्हात असेल. खिशातला वाजला तरी ऐकू जाणार नाही.” तरी त्याने केला. वाजत राहिला.

एक उपाय होता. शिराकुबो स्टेशनात ही गाडी सहा मिनिटं थांबते. समोरून येणाऱ्या गाडीला वाट द्यायला तो थांबा होता. ती समोरची गाडी बंद होऊन अकरा वर्षं झाली, थांबा मात्र वेळापत्रकात तसाच राहून गेला. मंडळाचा तो लाडका थांबा. कशासाठीच नाही म्हणून लाडका. दोन चोवीस ते दोन तीस. ते वळण त्याच्या पुढे होतं.

दोन सतराला तामोत्सुने लिहिलं, “खिडकीताई, शिराकुबोत उतरून चालकाला सांगा. दुसऱ्या पुलाअलीकडे रूळ सरकलाय. कंट्रोलला विचारा म्हणावं.”

आधी स्वरमास्तर आला. “काका, काकडी का?”

“नाही.”

“काका, चालकाशी बोलायचं नाही हा मंडळाचा पहिला नियम. तुम्हीच घातलात. एकाने त्याला ‘आज उकडतंय’ म्हटलं तर तुम्ही त्याला महिनाभर बाहेर ठेवलंत.”

“गाडी चालू असताना. तेव्हा उभी असेल.”

“आणि पुन्हा काही नाही निघालं तर?”

तामोत्सुला तेच दिसत होतं. नागासेचं लवलेलं डोकं, पाच माणसांच्या पाठीवरचे मिठाचे डाग. कुणाच्याही कामातला एक पहारीचा घाव फुकट गेलेला त्याने आयुष्यात खपवून घेतला नव्हता.

खिडकीताई गप्प होती. शिराकुबोच्या आधी बोगदे आहेत, फोन लागत नाही. दोन पंचवीसला तिचा फोटो आला. गार चहाचा डबा. “बिनकामाच्या थांब्याला सलाम. मशीनमध्ये जवाचा चहा संपलाय, हा हिरवा.”

तिने वरचं वाचलंच नव्हतं.

“ताई, वर वाचा,” तामोत्सुने लिहिलं. शेपटाने लिहिलं, “ताई, वर.” मग स्वरमास्तरनेही तेच लिहिलं, आणि त्याखाली कुणी थट्टा केली नाही.

दोन सत्तावीस. “काका, खरंच?”

“खरंच. सावली नाही. भिंग नाही. अकरा स्लीपर.”

“मला कळणार नाही कसं सांगायचं.”

“माझा निरोप वाचून दाखवा. जसा आहे तसा. माझं नाव सांगा, कुराहाशी, मार्गटोळी.”

मंडळात त्याने पहिल्यांदा खरं नाव लिहिलं होतं.

मग काही नाही. दोन अठ्ठावीस. एकोणतीस. तीस. फुसाए त्याच्या उजव्या बाजूला येऊन बसली. टेबलावर शेवयांचं पाणी गरम होत होतं. एकतीस. गाडी सुटली असेल तर आता चौथ्या फाटकावर असेल. त्याच्या डोक्यात ती धावत होती. तिथे उतार आहे, चालक वेग सोडतो, पासष्टपर्यंत जाऊ देतो. बत्तीस.

दोन तेहतीस. “अजून शिराकुबोत. चालक रेडिओवर बोलतोय. मध्येच माझ्याकडे बघतो. आज्या विचारतायत काय झालं. मला फार लाज वाटतेय, काका.”

“चालेल,” त्याने लिहिलं.

दोन चाळीसला तिने कळवलं, पुढची सूचना येईपर्यंत गाडी उभी. तामोत्सुला क्षणभरसुद्धा हलकं वाटलं नाही. आता नागासेची टोळी निघाली असणार. त्यांची मोटार ठेवायला जागा मोठ्या रस्त्याच्या फाटकापाशीच, तिथून वळण आठशे मीटर, खडीतून चालत. हातात मापं, खांद्यावर पहारी. वर झाड नाही.

सव्वातीन. साडेतीन. स्वरमास्तरने लिहिलं, की तो चाळीस मिनिटांवर राहतो, मोटार घेऊन शिराकुबोला येतो, ताईला घेऊन जातो. ती म्हणाली, “आज्यांना न्या. मुलीला न्या. मी तिकीट काढलंय, गाडीनेच जाणार.” शेपटाने दुकानातून तोफू पाठवायची तयारी दाखवली. कुणीतरी विचारलं, “सायकलवर? म्हणजे परवा पोचेल.” जरा हसणं झालं. तामोत्सुने ते वाचलं आणि त्याला हसू आलं नाही.

तीन पन्नासला नागासेचा फोन आला. मागे वारा होता आणि कुणीतरी खोकत होतं.

“कुराहाशी-सान.”

“किती?”

“बाहेरच्या अंगाला एकवीस मिलिमीटर. अकराच नाही, तेरा स्लीपर. दोन झुडपाआड होते.”

तामोत्सुने फोन उजव्या कानाशी आणखी दाबला. “गाडी गेली असती?”

“सावकाश गेली असती. पण तिथे ती सावकाश जात नाही.”

“किती जण आहात?”

“पाच. दोघं नवे आहेत. रूळ थंड झाल्याशिवाय हलवता येणार नाही, सगळ्यांना सावलीला बसवलंय.”

“सावली कुठे आहे तिथे?”

“पुलाखाली.”

“पाण्यात पाय सोडू देऊ नकोस. मागून पायात गोळे येतात.”

“माहीत आहे,” नागासे म्हणाला. “तुम्हीच ओरडला होतात.”

तामोत्सुने मंडळात लिहिलं, “एकवीस मिलिमीटर.” मग स्वरमास्तरने लिहिलं, “काका, माझी काकडी मी खाऊन टाकली.” त्याखाली तामोत्सुने लिहिलं, “बरं केलंस.”

काम साडेपाचला सुरू झालं असावं. सहा चौदाला खिडकीताईचा निरोप आला, “निघतोय. पुलाजवळच्या वळणांवर चालत जाण्याच्या वेगाने, म्हणाले. बाकीचे मोटारींनी गेले, डब्यात मी आणि एक झोपलेला माणूस. तो अजून उठलेला नाही.”

“काचेशी उभ्या राहू नका,” तामोत्सुने लिहिलं. “बसा.”

“बसले.”

त्या वळणावर फोन लागत नाही, हे त्याला माहीत होतं. चौथ्या फाटकापर्यंत तिचे शब्द आले, मग थांबले. तो घड्याळाकडे बघत राहिला. चालण्याचा वेग म्हणजे वळण पार व्हायला सहा मिनिटं, पूल दोन मिनिटं. घाईत बसवलेली खडी पहिल्या गाडीखाली दबते. ती किती दबते हे हाताने काम केलेल्यालाच कळतं, आणि हात त्याचे नव्हते. पंधरा मिनिटं झाली. सोळा. फुसाएने त्याच्यापुढे टरबुजाची फोड ठेवली. त्याने हात लावला नाही.

सहा पस्तीस.

“पुढच्या स्टेशनात पोचलो. काका, ते वळण कुठलं होतं? मी वाट बघत होते, काही जाणवलंच नाही.”

तामोत्सुने ते दोनदा वाचलं. मग टॅब्लेट फुसाएकडे वळवला.

“जाणवलं नाही म्हणते,” तो म्हणाला, आणि फोड उचलली.