जाकिटाचं शेवटचं बटण

जाकिटाचं शेवटचं बटण लावायचं नसतं, हे मला तिशी उलटल्यावर मोबाइलवरच्या एका व्हिडिओतून कळलं. तेव्हापासून मी ते जगाला शिकवत सुटलो. मित्राच्या लग्नात तर खुद्द नवरदेवाला शिकवलं. अर्ध्या हळकुंडानं पिवळं होणं म्हणतात ते हेच.

बहिणीचा साखरपुडा नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये होता. बाबा अमरावतीची नोकरी संपवून दोन वर्षांपासून आमच्याकडे धायरीला राहत होते. जन्मात कधी कपड्यांचा हट्ट केला नाही त्यांनी, पण या वेळी जाकीट हवंच म्हणाले. तेही जरा लांब. "बाबा, नवरदेव तुम्ही नाही," असं मी चिडवलंही.

फोटोसाठी दोन्ही घरची माणसं उभी राहिली. बाबांची पाचही बटणं लावलेली. मला राहवेना.

"बाबा, खालचं उघडं ठेवतात."

"राहू दे ना बाप्पा."

"अहो, पद्धत असते ती!" म्हणत मी स्वतःच ते बटण काढलं आणि पल्ला नीट करायला बाजूला ओढला.

आत पँट कमरेशी चुण्या घालून गोळा केलेली होती. दोन सेफ्टी पिना लावल्या होत्या आणि वरून पायजम्याची नाडी करकचून बांधली होती. पट्ट्याला पुरेल एवढी कंबरच उरली नव्हती. सगळ्यांनी पाहिलं. नवऱ्या मुलाचे काका म्हणाले, "वा, ही पण पद्धत असते का?" दोघंतिघं हसले. बाबाही हसले आणि घाईघाईनं बटण लावू लागले. ते लागेना. मी मदतीला हात पुढे केला, तर त्यांनी तो हळूच बाजूला सारला. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

घरी आल्यावर विचारलं, "एवढे कधीपासून वाळलात?"

"चारेक महिने झाले असतील. कार्य पार पडलं की डॉक्टरकडे जाऊच म्हटलं. आधीच सांगितलं असतं, तर पोरीनं तारीख पुढं ढकलली असती."

"मला तरी सांगायचं."

"तुला काय सांगायचं? रोज समोरच तर बसतो मी जेवायला," बाबा म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच वाटत होतं, की मला दिसलं असेल.