गहाळ रजिस्टरमधलं पाकीट

निवृत्त पोलीस अधिकारी भेटला की लोक खुनाची नाहीतर दरोड्याची गोष्ट विचारतात. त्याही माझ्याकडे आहेत. पण जे प्रकरण अजून माझी पाठ सोडत नाही, त्यात रक्त नाही, हत्यार नाही, आणि आरोपी पळालासुद्धा नाही. तो आपल्या दुकानात बसून लोकांच्या झेरॉक्स काढत होता. पळापळ झाली ती फिर्यादीची, आणि ती आमच्यामुळे झाली.

नाव कोणाचंच सांगणार नाही. ठाणंही सांगत नाही. नंदुरबार जिल्हा, एवढं पुरे.

मी शहाद्याकडचा. वडील साखर कारखान्यात हंगामी कामगार होते. गळीत संपलं की दुसऱ्याच्या शेतात जायचे. आमच्या घरातला पहिला पदवीधर मी, लोणखेड्याच्या कॉलेजात सायकलने जाऊन शिकलेला. गल्लीत कोणाकडेही सरकारी कागद आला तर तो माझ्याकडे यायचा. त्यामुळे कागद न वाचता सही करणाऱ्या साहेबांची मला चीड होती आणि मी ती चारचौघांत बोलून दाखवायचो. ठाण्यातल्या प्रत्येकाने ते भाषण ऐकलेलं होतं.

निवृत्तीला सात-आठ महिने राहिले होते. एका सोमवारी सकाळी एक मुलगी ठाण्यात आली. वय पंचवीसच्या आसपास, खांडबाऱ्याच्या पुढच्या डोंगरातल्या ख्रिस्ती शेतकरी कुटुंबातली. घरात मावची ही आदिवासी बोली बोलणारी, पण मराठी शाळेतली, स्वच्छ, जपून बोलायची. परदेशातली एक कंपनी कॉम्प्युटरला वेगवेगळ्या बोली शिकवते, तिच्यासाठी ही मुलगी घरी बसून आपल्या बोलीतली वाक्यं रेकॉर्ड करून पाठवायची. कंपनी मोबदला रुपयांत देत नव्हती, डॉलरच्या भावाच्या डिजिटल नाण्यांत द्यायची. ही नाणी ठेवायला लॅपटॉपच्या ब्राउझरला एक एक्स्टेन्शन जोडावं लागतं. त्याला वॉलेट म्हणतात. दीड वर्ष बोलून बोलून तिने नर्सिंगच्या पहिल्या वर्षाची फी जमवली होती. एका खासगी कॉलेजात तिला जागा मिळाली होती आणि फी भरायची शेवटची तारीख मंगळवार होती. रविवारी चर्चमधून घरी येऊन तिने वॉलेट उघडलं, तर ते रिकामं.

हे सगळं मला नंतर कळलं. सोमवारी ठाणे अंमलदार म्हणून बसलेल्या हवालदाराला यातलं काहीच कळलं नाही. माणूस वाईट नव्हता. तीस वर्षं नोकरी, सगळी याच पट्ट्यात.

"काय व्हयनं माय?"

"काका, माझं पाकीट रिकामं केलं कोणीतरी."

"कोठे पडनं? यस्टीमा का बजारमा?"

"पडलं नाही. कॉम्प्युटरमध्ये होतं."

हवालदाराने शेजारच्या शिपायाकडे पाहिलं. "दखा भो, आते पाकीटबी कॉम्प्युटरमा ठेवतस." मग तिला विचारलं, "आधारकार्ड व्हतं का त्यामा?"

"आधार नव्हतं."

"मंग काय चिंता करस?"

तिने दोन पानी अर्ज आणला होता. हवालदाराने पहिली ओळ वाचली: 'माझे पाकीट परस्पर रिकामे करण्यात आले असून'. बाकीचं वाचायची गरज त्याला वाटली नाही. गहाळ रजिस्टर ओढलं आणि नोंद केली, 'पाकीट गहाळ, आत कागदपत्रे नाहीत, चोरीचा संशय नाही.' शिक्का मारून दाखला तिच्या हातात दिला. मंगळवारी ती पुन्हा आली तेव्हा म्हणाला, "मिळनं का फोन करसूत."

बुधवारी ती तिसऱ्यांदा आली. सोबत तिचा आतेभाऊ होता. तो सुरतेला मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात काम करायचा, तिचा फोन आल्यावर रजा टाकून आला होता. मी बंदोबस्ताला निघालो होतो. दारातच त्याने वाट अडवली.

"साहेब, एक वार हा अर्ज वाचा. फक्त दुसरं पान वाचा."

मी उभ्या उभ्या वाचला. दुसऱ्या पानावर सगळं होतं. कोणत्या वेळेला नाणी गेली, किती गेली, कोणत्या पत्त्यावर गेली. या व्यवहारात नाव दिसत नाही, पण नाणी कुठून कुठे गेली ते जगात कोणालाही पाहता येतं. तिने तो सगळा प्रवास कागदावर उतरवला होता. माझ्या हाताखालच्या कोणी इतका चांगला अहवाल कधी लिहिला नव्हता.

"वॉलेट असं का नाही लिहिलंत ताई? पाकीट का लिहिलं?"

"सरकारी अर्जात इंग्रजी शब्द घालू नये, असं शाळेत शिकवलं होतं," ती म्हणाली.

मी हवालदाराला रजिस्टर आणायला सांगितलं. त्याला चारचौघांत झापायचं ठरवूनच मी पान उघडलं. नोंदीखाली माझी सही होती. सोमवारी संध्याकाळी समोर आलेल्या गठ्ठ्यात मी ती केली होती. मी रजिस्टर मिटलं.

फिर्याद नोंदवून घेतली, दखलपात्र गुन्हा दाखल केला, जिल्ह्याच्या सायबर शाखेला कळवलं. आणि मग जे नेहमी करतो तेच केलं. ज्याला सगळ्यांत जास्त माहिती, त्याच्यावर पहिला संशय. आतेभावाला बाकावर बसवलं.

आमच्या एका पोलीस नाईकाने सुरुवात केली. "एक्स्टेन्शन तू टाकलं, वॉलेटचे ते गुप्त शब्द तू लिहायला लावले, कुठं काय दाबायचं ते तूच शिकवलं. मग चोर काय मी?"

"चोरायचं असतं तर कागदावर कशाला लिहायला लावलं असतं, साहेब? माझ्या मोबाईलात फोटो काढला असता ने."

"फार हुशार आहेस."

"हुशार असतो तर आज दुकानावर असतो. इथे तुमच्या बाकावर नसतो."

नाईक उठला. मी त्याला बाहेर पाठवलं आणि स्वतः समोर बसलो. म्हटलं, मला काही येत नाही असं समज आणि पहिल्यापासून सांग. त्याने सांगितलं. आज मी लोकांना जे सांगत फिरतो ते या बाकावर बसलेल्या संशयिताने मला शिकवलेलं आहे.

एक्स्टेन्शन घ्यायचं ते वॉलेट बनवणाऱ्यांच्या खऱ्या साइटवरूनच. शोधल्यावर सर्वांत वर जाहिरात येते तिच्यावर बोट ठेवायचं नाही, कारण हुबेहूब नकली एक्स्टेन्शन तिथेच असतात. मग पासवर्ड ठेवायचा. पण तो पासवर्ड फक्त त्या एका कॉम्प्युटरपुरता कुलूप असतो. खरी चावी म्हणजे एक्स्टेन्शन दाखवतं ते बारा इंग्रजी शब्द. साधे, शाळेतल्या पुस्तकातले, पण ठरलेल्या क्रमाने. ते ज्याच्या हाती लागले तो जगात कुठेही, कोणत्याही कॉम्प्युटरवर तेच वॉलेट उघडू शकतो, आणि मग पासवर्ड विचारलाही जात नाही. म्हणून ते हाताने कागदावर लिहायचे. फोटो नाही, व्हॉट्सॲप नाही, ईमेल नाही. कंपनीचा माणूस म्हणून कोणी मागितले तरी द्यायचे नाहीत. आधी थोडी नाणी टाकून, काढून बघायची. अनोळखी साइटने 'वॉलेट जोडा' म्हटलं तर जोडायचं नाही, आणि न वाचता मंजुरीचं बटण दाबायचं नाही.

"हे सगळं तिने पाळलं?"

"माझ्यापेक्षा जास्त पाळलं. तिने ओटीपी कधी कोणाला दिला नाही."

"तो कागद कुठे आहे?"

मुलीने पिशवीतून प्लास्टिकची फाईल काढली. जातीचा दाखला, बारावीची गुणपत्रिका, बाप्तिस्म्याचा दाखला, आणि त्यांच्यामागे एक चकचकीत कार्ड. लॅमिनेशन केलेलं. वर ठळक अक्षरांत 'महत्त्वाचे', आणि खाली बारा शब्द, एक ते बारा आकडे घालून, टाईप केलेले.

आतेभाऊ कार्डाकडे बघतच राहिला. "बेन, मी तुला पेनाने लिहायला लावलेलं."

"लिहिलं होतं. पण कागद घडीवर फाटायला लागला. तू म्हणालास हा कागद गेला तर सगळं गेलं. म्हणून लॅमिनेशनला नेला. दुकानवाले भाऊ म्हणाले, चुरगळलेल्याचं चांगलं येणार नाही, टाईप करून देतो."

आमच्या भागात कोणालाही विचारा, महत्त्वाचा कागद म्हटलं की तो आधी लॅमिनेशनला जातो. एका दाखल्यासाठी तालुक्याला चार खेपा घातलेल्या माणसाला तो कागद पुन्हा फाटू द्यायचा नसतो. माझ्या स्वतःच्या पदवीचं प्रमाणपत्रही लॅमिनेशनमध्येच आहे. ज्याने त्या एक्स्टेन्शनवर 'कागदावर लिहून सुरक्षित ठेवा' असं लिहिलं, त्याला हे माहीत असण्याचं कारण नाही. मुलीने सूचना मोडली नव्हती. तिने ती आपल्याकडच्या पद्धतीने जास्तच मनापासून पाळली होती.

आतेभावाची जबाब घेऊन सुटका केली. दिवसभर बसवून ठेवल्याबद्दल त्याची कोणी माफी मागितली नाही. मीही नाही.

गुरुवारी सकाळी पंच घेऊन दुकानावर गेलो. दुकानदार तिशीतला, बी.कॉम., बोलायला अदबशीर. सगळी पंचक्रोशी त्याला 'भाऊ' म्हणायची. शिष्यवृत्तीचे, घरकुलाचे, पीकविम्याचे अर्ज तोच भरायचा. अर्ध्या डोंगराचे पासवर्ड त्याच्या वहीत होते, कारण लोकच सांगायचे, भाऊ तुमच्याकडेच राहू द्या.

"आम्ही गिऱ्हाईकाची फाईल ठेवत नाही साहेब. लगेच डिलीट."

कॉम्प्युटर उघडला. फाईल होती. नाव दिलं होतं 'ताई १२'. तेच वॉलेट एक्स्टेन्शन दुकानाच्या ब्राउझरलाही जोडलेलं होतं.

"ते मी माझ्यासाठी घेतलंय. क्रिप्टो शिकतोय."

मी त्याला ठाण्यात आणून चहा दिला. खोटं बोलणाऱ्याला घाई करून फायदा नसतो, त्याला वाट पाहायला लावायची. दुपारपर्यंत सायबर शाखेकडून नाण्यांच्या बाजारातल्या एका कंपनीचं उत्तर आलं. मुलीच्या वॉलेटमधून नाणी हलवायला नेटवर्कला थोडं भाडं द्यावं लागतं, आणि ते त्या वेळी तिच्या वॉलेटमध्ये शिल्लक नव्हतं. चोराने ते भाडं स्वतःच्या खात्यातून आधी तिच्या वॉलेटमध्ये टाकलं आणि मग सगळं काढून घेतलं. त्या खात्याला आधार आणि पॅन जोडलेले होते, दोन्ही दुकानदाराचे.

मी कागद पुढे सरकवला. त्याने वाचला. बराच वेळ वाचत होता.

"उघडतं का, एवढंच बघायचं होतं साहेब. टाईप करतानाच ओळखलं की कसले शब्द आहेत."

"बघितलंस. मग बंद का नाही केलंस?"

"माझे एका ट्रेडिंग ॲपवर पैसे बुडाले होते. वाटलं, भरून काढून परत टाकीन."

"नाणी आता कुठे आहेत?"

"मंगळवारी दुपारपर्यंत खात्यातच होती. मग विकली. पैसे त्याच ॲपमध्ये टाकले. संध्याकाळपर्यंत गेले."

मंगळवारी दुपारपर्यंत खात्यातच होती. सोमवारी सकाळी ती मुलगी दोन पानी अर्ज घेऊन आमच्या दारात उभी होती. तिचं दुसरं पान कोणी वाचलं असतं, तर एका नोटिशीने ते खातं त्याच दिवशी गोठवता आलं असतं.

शुक्रवारी बातमी आली, 'डिजिटल चोरीचा चोवीस तासांत छडा'. तास बुधवारपासून मोजले होते.

त्याच दिवशी मुलगी माझ्या खोलीत आली. बसा म्हटलं तरी बसली नाही. "साहेब, कॉलेजवाल्या मॅडम म्हणाल्या, मंगळवारच्या आत तुम्ही पोलिसांकडे चोरीची तक्रार दिली होती असं ठाण्याचं पत्र आणा. महिनाअखेरपर्यंत जागा ठेवू. माझे मामा तोवर फीचं बघतात म्हणाले."

"गुन्हा बुधवारी दाखल आहे ताई."

"पण मी सोमवारी आले होते."

"सोमवारी गहाळची नोंद आहे. चोरीचा संशय नाही असं लिहिलंय त्यात."

"ते मी नव्हतं लिहिलं, साहेब."

मला चार ओळी लिहायच्या होत्या. सदर महिला सोमवारीच चोरीची तक्रार घेऊन आली होती, आमच्या चुकीने ती गहाळ म्हणून नोंदवली गेली. एवढंच. पण ते पत्र वरपर्यंत गेलं असतं तर चौकशी लागली असती, आणि खालची सही कोणाची ते सगळ्यांत आधी विचारलं असतं. चौकशी सुरू असताना निवृत्त झालेल्यांचं पेन्शन कसं अडकतं ते मी पाहिलं होतं. मी पत्र दिलं. 'फिर्याद बुधवारी दाखल असून आरोपीस अटक करण्यात आली आहे.' एकही शब्द खोटा नव्हता. ते पत्र मात्र मी सहीआधी दोनदा वाचलं.

जागा यादीतल्या पुढच्या मुलीला गेली. हवालदाराचा कसुरी रिपोर्ट, म्हणजे कामात हयगय केल्याचा अहवाल, मीच वर पाठवला. तो समोर येऊन शांतपणे म्हणाला, "सायेब, सही तुमनीबी व्हती." मी म्हटलं, तुम्ही जा. तो गेला.

आता मला शाळा-कॉलेजांत सायबर सुरक्षेवर बोलायला बोलावतात. मी बारा शब्दांचं सांगतो. ते टाईप करू नका, कोणाकडून करून घेऊ नका, कितीही ओळखीचा भाऊ असला तरी. या प्रकरणाने मला शिकवलं ते एवढंच नाही, पण तेवढंच मी माईकवर सांगतो. शेवटी कोणीतरी, बहुतेक वेळा एखादी मुलगी, हात वर करून विचारते, "सर, मग त्या ताईचं काय झालं?"

मी सांगतो की आरोपीला शिक्षा झाली. तिने ते विचारलेलं नसतं.