शेवटच्याचा नारळ

मीठ आणायला गेल्ते, तवा किराणावाल्या सिद्धारामवर त्याचा भाऊ ओरडत होता. "चार दिवस दुकानाला कुलूप लावून कुणाच्या मागं फिरतोस बे?"

सिद्धाराम म्हणाला, "जे मागं पडतेत त्यांच्या."

आमच्याकडं डोंगरावर महादेवाचं जुनं पडकं देऊळ हाय. दर साली आमी पंचवीस-तीस माणसं चार दिवसांत चालत तिथं जाऊन येतो. सगळ्यात शेवटी पोचेल त्यानंच नारळ फोडायचा, हा रिवाज. यंदा शेवटची होती सिद्धारामची बायको, दानम्मा. गुडघा सुजून भोपळा झालेला, तरी पहिल्यांदा मान मिळणार म्हणून हसत चढत होती. मागं पडलेल्यांना सांभाळायला सिद्धाराम दरसाल काठी घेऊन सगळ्यांच्या मागं, म्हणून त्याची गणती धरत न्हाईत.

ती पोचायच्या आधीच वर आमच्या म्होरक्यानं, विजयसिंहनं, व्हिडिओसाठी नारळ फोडूनबी टाकला. आमी खोबरं खाल्लं. त्याला अडवायला एकाचंबी तोंड उघडलं न्हाई, माझंबी खोबऱ्यानं भरलेलं.

"लई उशीर केला काकी, आता दुसरा फोडा," दानम्मा पोचली तसा विजयसिंह म्हणाला.

सिद्धाराम कडाडला, "घाई तुझ्या मोबाइलला होती बे, देवाला न्हवती!"

दानम्मानं दुसऱ्या नारळाला हात लावला न्हाई. पडक्या पायरीवर पाठ फिरवून बसली. आजबी आठवलं की माझं डोकं फिरतं.

मग परतीचं पाणी आणायला सिद्धाराम दरसालासारखा झऱ्यावर उतरला. दातओठ खात सगळ्यांच्या बाटल्या भरून आणल्या, विजयसिंहचीबी.