दसऱ्याला अडकलेला पासवर्ड

“कॉम्प्युटरमधलं बठ्ठं, सगळं पुसून टाका आणि नवीन बसवा,” आबा म्हणाले. “आणि हा आजपासून घरी.”

हा म्हणजे युवराज. जळगावजवळ आबांचं केळी पिकवायचं केंद्र आहे, तिथला ऑपरेटर. बंद चेंबरमध्ये केळी ठेवून गॅस सोडतात आणि ठरलेल्या वेळी दार उघडतात. चुकलं तर माल डागाळतो. या नोंदींसाठी मीच एक कमांड लाइन जर्नल बसवून दिलं होतं. म्हणजे काळ्या स्क्रीनवर टाइप करून नोंद करायची. माउस नको, काही नको. नोंदी मागून कोणी फिरवू नये म्हणून एन्क्रिप्शनही चालू केलं होतं. पासवर्डशिवाय ते मलाही उघडत नाही. आणि पासवर्ड एकट्या युवराजकडे.

आता हे जर्नलचं टूल तो पासवर्ड घेत नव्हतं. प्रत्येक चेंबरची वेळ वेगळी, तोंडपाठ कोणाला राहणार? माल न्यायची गाडी गेटवर उभी होती.

“दसऱ्याची सुट्टी दिली नाही, म्हणून यानेच बदलला,” आबा म्हणाले.

“पासवर्ड तोच शे, आबा. मी काही बदलेल नही.” युवराज म्हणाला.

मला आबांचा राग आला. पण रागाने फाइल उघडत नाही. मी आधी कॉन्फिग फाइल पाहिली, म्हणजे टूलची सेटिंग. सगळं जागच्या जागी होतं. युवराजने पुन्हा पासवर्ड टाकला. पुन्हा चुकीचा.

या टूलमध्ये पासवर्ड टाइप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ठिपकेसुद्धा नाहीत. म्हणून मी एक कोरी फाइल उघडली.

“आबा, तुम्ही जरा बाहेर थांबा.”

“मी? माझ्याच ऑफिसातून?”

“पासवर्ड दिसेल स्क्रीनवर.”

आबा पाय आपटत गेले. युवराजने टाइप केलं. एक अक्षर उमटलंच नाही. पुन्हा टाइप केलं, तरी नाही. मी स्क्रू-ड्रायव्हरने ते बटण उचकटलं. खाली कुंकवात माखलेले तांदळाचे दाणे बसले होते.

सकाळी यंत्रांची पूजा झाली होती. कॉम्प्युटरवर अक्षता आबांनीच वाहिल्या होत्या, त्याही मूठभर.

दाणे काढले, जर्नल उघडलं. युवराजने वेळा वाचून दाखवल्या, एकेक चेंबर उघडलं, गाडी भरून दिली. माल वाचला. आबांना मी तांदूळ दाखवले, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “देवाचं काम आहे, त्यात कोणाची चूक?”

युवराजने हात धुतले. पासवर्ड एका चिठ्ठीवर लिहून चेंबरच्या किल्ल्यांसोबत टेबलावर ठेवला.

“आबा, दुसरा माणूस पाहा.”

युवराज तसाच निघाला. सध्या तो धुळ्याला एका कोल्ड स्टोरेजमध्ये आहे.

तेव्हापासून नवं टूल बसवताना मी लोकांना दोन गोष्टी सांगतो. पूजेला कीबोर्डवर कापड घाला. आणि पासवर्ड चुकला तर टूलसुद्धा तीन वेळा विचारतं. आबांनी युवराजला एकदाही विचारलं नव्हतं.