साडूंचा डबा

दुसऱ्याचा डबा रिकामा परत जाऊ नये म्हणून अख्खा डोंगर पुन्हा चढणारा माणूस दक्षिण गोलार्धात एकच आहे, आणि तो माझा साडू आहे. उत्तर गोलार्धात असा कोणी असेल असं मला वाटत नाही. आमचे साडू ऑकलंडला, हिल्सबरोत, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडे राहायचे. सगळी नोकरी फार्मसीत झाली. त्यामुळे कुठल्याही बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय ते पाणीसुद्धा पीत नाहीत. पण त्यांचा खरा धर्म डब्याचा. शेजारच्या बाईने एकदा आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात घरच्या झाडाचे पेरूसारखे फिजोआ दिले. साडूंनी तो डबा चकल्या भरून परत केला. तिने मफिन्स पाठवले, यांनी चिवडा पाठवला. शेवटी बाईने घर विकलं तेव्हा डब्याची पाळी यांची होती, म्हणून तिच्या नव्या घरी सामान लागायच्या आत करंज्या पोचल्या. "रिकामा डबा परत दिला की येणं-जाणं संपलं," असं ते डोस सांगावा तसं ठामपणे सांगतात.

माझी मेहुणी गेल्यापासून साडू त्या घरात एकटे. त्यांची एकुलती एक मुलगी क्राइस्टचर्चला डॉक्टर. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत. "बाबा, यू कान्ट लिव्ह अलोन. कम अँड स्टे विथ मी," हे ती दर रविवारी सांगायची आणि साडू दर रविवारी विषय हवामानावर न्यायचे. एका रविवारी मात्र त्यांनी पैज लावली. क्राइस्टचर्चपलीकडच्या अकारोआ गावाहून निघून, डोंगरामागून डोंगर ओलांडत, सायकलने थेट तिच्या दारात यायचं. वाटेत दमून एकदा जरी सहल-कंपनीची व्हॅन बोलावली तर घर विकून तिच्याकडे राहायचं. नाही बोलावली तर हा विषय कायमचा बंद. "डील," मुलगी म्हणाली, "बट टेक काका विथ यू." काका म्हणजे मी. माझ्या गुडघ्यांना कोणी विचारलं नाही.

या सहलीत गाईड नसतो. कंपनी सायकली देते, नकाशा देते, बॅगा पुढच्या मुक्कामी पोचवते; बाकी तुम्ही आणि तुमचं नशीब. अगदीच दम संपला तर फोन करायचा, व्हॅन येते. साडूंनी तो नंबर माझ्या फोनमधूनसुद्धा पुसायला लावला. सायकलवाल्याने बॅटरीची सायकल पुढे केली तर म्हणाले, "मोटरच लावायची तर मी गाडीने नसतो का आलो?" हेल्मेटखाली कानटोपी, पायांत मोजे आणि मोज्यांवर जँडल्स, म्हणजे रबरी चपला, अशा थाटात स्वारी निघाली. वाटेतल्या प्रत्येक मेंढीला "किया ओरा" हा माओरी नमस्कार. का, तर आपण त्यांच्या गावात आलोय. बेसनाच्या लाडवाचा डोस ठरलेला: चढाआधी अर्धा, चढानंतर अर्धा, उतारावर काही नाही. आणि रस्ता कितीही निर्मनुष्य असो, वळताना हात बाहेर काढायचाच. मागे फक्त मी आहे हे मी ओरडून सांगितलं. "तुम्हालाच दाखवतोय, साडूबुवा," पुढून उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी सगळ्यात उंच चढावर वाऱ्याने आमची अशी काही रेवडी उडवली, की माथ्यावरच्या फार्मच्या फाटकाशी आम्ही सायकलींसकट आडवे झालो. फार्मवरच्या म्हाताऱ्या बाईंनी आत बोलावून चहा पाजला आणि निघताना बिस्किटांनी भरलेला पत्र्याचा डबा हातात ठेवला. "डोन्ट बॉदर ब्रिंगिंग इट बॅक, लव्ह," असं स्पष्ट म्हणाल्या. आम्ही पलीकडे उतरून मुक्कामी पोचलो, बिस्किटं रात्रीच संपली. सकाळी बघतो तर साडू डबा धुऊन, पुसून त्यात लाडू रचत होते.

"अहो, त्या नको म्हणाल्यात!"

"तसं म्हणायची पद्धत असते. आपणही म्हणतोच की."

"मग पोस्टाने पाठवू."

"पोस्टाने? अहो, पोचेपर्यंत लाडवांचा भुगा होईल."

काल ज्या उताराचं एवढं कौतुक केलं होतं, तो आज आमच्यासमोर चढ म्हणून उभा होता. साक्षीदार या नात्याने मलाही जावं लागलं. बाईंनी दार उघडलं, डबा घेतला, झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत राहिल्या. "मी किती लोकांना असे डबे दिलेत," त्या त्यांच्या इंग्रजीत म्हणाल्या, "परत कोणीच आलं नाही." त्यांच्या मागे टेबलावर एकच कप होता आणि समोरच्या खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा ढीग. साडूंनी तो पाहिला. हिल्सबरोच्या घरातही मेहुणीच्या खुर्चीवर असाच ढीग साठलाय, हे मला ठाऊक होतं. उतरताना एका वळणावर साडूंनी हातसुद्धा दाखवला नाही.

डोंगर दोनदा चढल्याचं भाडं शेवटच्या दिवशी त्यांच्या पायांनी वसूल केलं. क्राइस्टचर्चच्या अलीकडच्या चढावर साडूंचे ओठ पांढरे पडले. मी घाबरून म्हटलं, "व्हॅन बोलवू या, मी कोणाला सांगणार नाही." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी निमूट लाडवाचा उरलेला अर्धा तुकडा पुढे केला. हातात सायकल धरून, थांबत थांबत ते चढले. आणि मुलीच्या रस्त्यावर शिरताना पुन्हा ऐटीत सायकलवर बसून, हात दाखवून वळले.

"यू डिड इट!" मुलगी फाटकातच रडायला लागली. "ओके बाबा, यू विन. आय वोन्ट आस्क अगेन."

"जिंकलो ना? मग ऐक. घर विकतोय. माझी खोली तयार कर."

आणि ती मुलगी, कितीतरी वर्षांनी, मराठीत म्हणाली, "बाबा, खरंच?"

मी नंतर त्यांना गाठलंच. "अहो, मग एवढा जीव काढलात कशाला?" साडू मोजे काढत म्हणाले, "हरलो असतो तर तिने मला आणलं असतं. आता मी आलोय."

हिल्सबरो सोडून ते गेले, त्या दिवशी आमच्या ओट्यावर त्यांचा स्टीलचा डबा दिसला, शंकरपाळ्यांनी गच्च भरलेला. मी लगेच फोन केला, "डबा विसरलात."

"मी कधी डबा विसरलोय?" म्हणाले आणि फोन ठेवला.

आता संध्याकाळी फिरायला निघालो की पाय सवयीने त्यांच्या रस्त्याला वळतात, आणि कोपऱ्यावरच्या डेअरीपाशी आठवतं की तिथे आता दुसरीच माणसं राहतात. साडूंची फार आठवण येते. शंकरपाळे कधीच संपले. बायकोने डबा घासूनपुसून फडताळात ठेवलाय, पण तो रिकामा बघवत नाही. क्राइस्टचर्चची तिकिटं काढली आहेत. बायको आज अनारशांचे तांदूळ भिजत घालते आहे.