तुळई कर्तनात कमी पडते

काँक्रीट खोटं बोलत नाही. कोसळण्याआधी ते माणसाला सांगतं, तिरपी रेघ ओढून सांगतं. फक्त ऐकणारा पाहिजे. बीडच्या तंत्रनिकेतनात हे वाक्य मी इतक्या गंभीरपणे म्हणत आलो की मागच्या बाकावरची पोरंही तेवढ्यापुरता मोबाइल खाली ठेवत. मग तलवाड्याच्या पुढे एका गावात मला ऐकणारे भेटले.

त्या गावात माझी मावसबहीण अंगणवाडी चालवते. अंगणवाडीची खोली गळायला लागली म्हणून पंचायतीने लेकरांना गावच्या सभागृहात बसवलं होतं. सभागृहाच्या मधोमध एक मोठा बीम आहे आणि त्याच्या एका टोकाला, खांबालगत, तडा गेला होता. तिचा फोन आला. "दादा, लेकरं तिथं बसवू का नको, तेवढं सांग." मी गेलो.

तडा तिरपा होता. आडव्या बीमवर ओझं आलं की तो दोन तऱ्हांनी हरतो. मधे वाकतो, आणि टोकाला, खांबाजवळ, ओझं त्याला कात्रीसारखं कापायला बघतं. वाकणं लोकांना दिसतं. कापणं दिसत नाही. म्हणून ते मोजावं लागतं: टोकाशी येणारा जोर काढायचा, बीमच्या रुंदीने आणि खोलीने भागायचा, आणि आलेला ताण काँक्रीटला पेलतो का ते बघायचं. काँक्रीटला न पेलणारं ओझं बीमच्या आतल्या लोखंडी रिंगांनी उचलायचं. म्हणून रिंगा टोकाला दाट आणि मधे विरळ असतात.

प्लास्टर फोडून पाहिलं. इथे मधे चार-चार बोटांवर रिंगा, आणि टोकाला दोन-दोन विती मोकळं. ठेकेदार सरपंचांचा मेहुणा. तो शांतपणे म्हणाला, "झोळी मधीच लोंबती का न्हाई, सर? मंग जोर मधीच."

"लोंबते मधे. तुटते गाठीपाशी."

"आमच्याकडं न्हाई तुटत," तो म्हणाला.

ओझंही मूळचं राहिलं नव्हतं. ज्या पुढाऱ्याच्या निधीतून इमारत झाली त्याचं नाव नंतर छतावर, बरोबर याच बीमच्या माथ्यावर, काँक्रीटच्या अक्षरांत उभं केलं होतं. नावाच्या आधी पदव्या वाढत गेल्या तशी ती अक्षरांची भिंत लांबत गेली. हिशेब करायचा म्हणजे सगळंच धरावं लागतं. 'लोकनेते' या शब्दाचं वजन मी आयुष्यात पहिल्यांदा किलोत काढलं. ते बरंच भरलं.

उत्तर स्वच्छ होतं. बीमच्या टोकाशी येणारा ताण त्याच्या ताकदीबाहेरचा होता. बहिणीला सांगितलं, लेकरं काढ. ती म्हणाली, मी काढून नेऊ कुठं, हे पंचायतीला सांग. म्हणून ग्रामसभेत उभा राहिलो.

या कापण्याला आधी 'शिअर' म्हणालो. एका तरुणाने विचारलं, कोणता शेअर, घ्यायचा का विकायचा. लोक हसले. मग मी परिभाषेच्या पुस्तकातली मराठी काढली, बीमला तुळई आणि शिअरला कर्तन. म्हणालो, ही तुळई कर्तनात कमी पडते. कर्तनाच्या दृष्टीने सभागृह असुरक्षित आहे.

सभा एकदम गंभीर झाली. इतक्या लवकर गंभीर झालेली सभा मी पाहिलेली नाही, त्यामुळे सुरुवातीला समाधानच वाटलं. मग भजनी मंडळाचे म्हातारे प्रमुख उठले. त्यांना कधीपासून शंका होतीच, म्हणाले. टाळ-मृदंगाचा दणका लई असतोय. मागच्या सप्ताहात काल्याच्या दिवशी त्यांनी स्वतः वरून माती पडताना पाहिली होती.

"कीर्तन नाही," मी म्हणालो. "कर्तन."

"तेच की, सर," सरपंच समजुतीने म्हणाले. "तुमी शुद्ध बोलता, कर्तन म्हणता. आमी कीर्तन म्हणतो."

मी कात्रीचं उदाहरण दिलं, झोळीचं दिलं. लोकांनी माना डोलावल्या. ठराव एकमताने झाला. आठवड्याभरात दारावर पाटी लागली: सदर सभागृह कीर्तनासाठी धोकादायक आहे, हुकुमावरून. तिच्याशेजारी लग्नकार्यासाठी नोंदणी सुरू असल्याची जुनी पाटी होती, ती तशीच राहिली.

यानंतर सगळं वेगाने झालं, हे मान्य केलं पाहिजे. लेकरांसाठी ज्या पंचायतीकडे निधी नव्हता, तिने कीर्तनासाठी पटांगणात पत्र्याचं शेड उभं केलं. उद्घाटनाला मला बोलावून शाल आणि नारळ दिला. तज्ज्ञ मार्गदर्शक म्हणून माझी ओळख करून देण्यात आली. सत्कार सभागृहातच झाला, त्याच बीमखाली, कारण पाहुण्यांना पंखा लागतो.

बहिणीने माझ्यापेक्षा शहाणपणाने त्या चुकीचा फायदा घेतला. दुसऱ्या दिवसापासून ती लेकरांना शेडमध्ये बसवू लागली. कुणी हरकत घेतली नाही, आणि थंडीचे महिने बरे गेले. मग उन्हाळा आला. पत्रे अकरालाच तापायचे. दोन लेकरांचा घोळणा फुटला, रक्त बघून आया भांडायला आल्या, आणि अंगणवाडी परत सभागृहात गेली.

मी सरपंचांकडे गेलो. निदान बीमच्या दोन्ही टोकांना लोखंडी टेकू लावा म्हणालो. मेहुण्याकडे सेंट्रिंगचे पडून आहेत, नवीन काही आणायला नको. त्यांनी विचार करून सांगितलं की लग्नाच्या फोटोत टेकू येतेत, पाहुणे नावं ठेवतेत. मग लेकरं तरी हलवा, म्हणालो. तेव्हा त्यांना खरोखर नवल वाटलं.

"अहो सर," ते म्हणाले, "लेकरं कुठं कीर्तन करतेत?"

मी वर तालुक्याला कळवलं. तिथून उत्तर आलं की सदर प्रकरणी ग्रामसभेने यापूर्वीच योग्य ती कार्यवाही केली आहे.

बहिणीने मला पुन्हा बोलावलं तेव्हा तिने हुज्जत घातली नाही. नेमका कुठून कुठवर धोका हाय, तेवढंच विचारलं. मी बीमच्या खालची पट्टी दाखवली, आणि हेही सांगितलं की बीम गेला तर दोन्हीकडचा स्लॅब त्याच्यासोबत येईल. पट्टी सोडून बसवण्यात फारसा अर्थ नाही.

"मंग कुठं बसवू, दादा?"



तिने लेकरं दोन भागांत बसवली, अर्धी अलीकडे, अर्धी पलीकडे. बीमखालची जागा आता मोकळी असते. तिथे चपला काढतात.